बेदरचा 'गरीब'

मराठी माणसाला बेदर माहीत असतं ते दामाजीपंतांमुळे. दुष्काळात त्यांनी मंगळवेढ्याची कोठारं लुटवली आणि विठोबाने विठू महार होऊन बेदरच्या दरबारात रक्कम भरली, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलेली. माझं गाव भालकीजवळ. आमच्यासाठी बेदर म्हणजे जिल्ह्याची कचेरी, बसस्टँड आणि शाळेची सहल. मुंबईत शिकायला आल्यावर मात्र 'तू नक्की कुठली?' या प्रश्नाला सारखी उत्तरं देताना मला बेदरचाच एक दुसरा माणूस आठवायला लागला. तोही बाहेरून आलेला.

महमूद गावान. इराणच्या गिलान प्रांतातला. १४५३ मध्ये तो दाभोळ बंदरात उतरला आणि घाट चढून बेदरला पोचला. वय चाळिशीपार, धंदा व्यापार. इथल्या सत्पुरुषांची भेट घेऊन पुढे दिल्लीला जायचा बेत होता म्हणतात. तो इथेच राहिला.

तेव्हाचं बेदर कोवळं शहर होतं. बहमनी सुलतान अहमदशहाने गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, राजधानी इथे हलवली त्याला पंचवीसेक वर्षंच झाली होती. किल्ला नवा, वाडे नवे. इराणी, तुर्की, अरब माणसं एकसारखी येत होती आणि दरबारात वर चढत होती. आधीपासून दख्खनेत असलेल्या सरदारांना, 'दख्खनीं'ना, ते खुपत होतं. या नव्या लोकांना शब्द होता 'गरीब'. आपल्याकडे गरीब म्हणजे ज्याच्याजवळ पैसा नाही तो. मूळ अरबीत गरीब म्हणजे परका. गावानच्या येण्याआधी काही वर्षं पुण्याजवळच्या चाकणला अशा परक्यांची कत्तल झाली होती. ते फितूर झालेत असं सुलतानाला कळवण्यात आलं, आणि त्याने ते खरं मानलं. शहरात पाऊल ठेवलं तेव्हा गावानला हे कुणी ना कुणी सांगितलंच असणार.

त्याचा चढ भराभर झाला. तेलंगणातलं बंड मोडलं, मग मलिक-उत्-तुज्जार ही पदवी, मग वजिरी. गादीवर बालराजे आले तेव्हा राजमातेच्या सल्लामसलतीत तो होता. कोकणात खेळणा, म्हणजे आपला विशाळगड, त्याने घेतला आणि १४७२ मध्ये गोवाही. लढायांपेक्षा मला त्याची वाटणी जास्त महत्त्वाची वाटते. चार मोठ्या सुभ्यांचे त्याने आठ केले, ते दोन्ही गटांत विभागून दिले आणि एका सुभेदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला. परक्याने आपल्याच माणसांची भरती केली, असं कुणाला म्हणता येऊ नये. पण सुभे छाटले गेले ते सरदार दुखावले ते दुखावलेच.

गोवा घेतलं त्याच वर्षी बेदरचा मदरसा उभा राहिला. तीन मजली, निळ्या-पिवळ्या इराणी फरशांचा, ग्रंथालयात तीन हजार पुस्तकं. विद्यार्थ्यांची राहण्याजेवणाची सोय फुकट. (हॉस्टेलची फी भरताना हे हमखास आठवतं.) इराणी कवी जामीलाही त्याने बोलावलं होतं, जामी आला नाही, पत्रव्यवहार मात्र राहिला.

त्याच सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी बेदरात होता. वाटेत जुन्नरला सुभेदाराने त्याचा घोडा काढून घेतला होता आणि धर्म बदल, मग घोडा परत, अशी अट घातली होती. एका खुरासानी माणसाने मध्यस्थी केली म्हणून तो सुटला. बेदरात त्याने आपण ख्रिस्ती आहोत हे इथल्या हिंदूंना सांगून टाकलं, तेव्हा ते त्याच्याशी मोकळे झाले. पंगतीला मात्र घेत नसत. त्याची धर्माची पुस्तकं हरवली होती, सणांच्या तारखा तो अंदाजानेच पाळायचा. तो परत जायला निघाला. गावानने परतीचा विचार केल्याचं दिसत नाही.

तरी एक गोष्ट त्याने सोडली नाही. इराणातून आणलेलं भांडवल तो व्यापारात फिरतं ठेवायचा आणि स्वतःचा खर्च त्यातूनच करायचा. जेवण मातीच्या भांड्यात, झोप चटईवर. पदाचं उत्पन्न सैन्यावर आणि गोरगरिबांवर जाई.

१४८१ च्या एप्रिलमध्ये सुलतान तिसरा मुहम्मद आंध्रात कोंडापल्लीला छावणीत होता. मलिक हसनच्या गटाने गावानच्या शिक्केदाराला फितवून कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला आणि त्यावर ओरिसाच्या राजाला चढाईचं आमंत्रण लिहिलं. सुलतान प्यायलेला होता. जाऊ नका, गुजरातेत निघून जा, असं मित्रांनी सांगूनही गावान बोलावण्यासरशी गेला. शिक्का माझा आहे, पत्र माझं नाही, एवढंच तो म्हणाला. चौकशी झाली नाही. सत्तरीच्या घरातल्या वजिराचं डोकं तिथेच उडवलं. अठ्ठावीस वर्षं या राज्यात काढल्यावर चाकणचाच आरोप.

नंतर खजिना तपासला तर हाती फारसं काही लागलं नाही. सुलतानाला पश्चात्ताप झाला. वर्षाच्या आत तोही गेला. पुढे सुभेदार एकेक करून वेगळे झाले आणि एका राज्याची पाच झाली.

गावानची कबर बेदरच्या बाहेर आहे, साधीच. मदरशाचा एक मिनार आणि दर्शनी भिंतीचा तुकडा स्फोटात गेला, मुघलांच्या काळात तिथे दारूगोळा ठेवला होता म्हणून. दुसरा मिनार उभा आहे. सातवीच्या सहलीत आम्ही त्याच्या सावलीत बसून डबे खाल्ले होते. हा कुणी बांधला असं सरांनी विचारलं, तेव्हा आमच्यातला एकजण पटकन म्हणाला, बेदरच्याच माणसाने, सर.