देवळालीचे कापरेकर गुरुजी

बालमित्रांनो, थोर गणिती म्हटले की आपल्याला मोठी विद्यापीठे आठवतात. आम्ही या अंकासाठी निवडलेले गणिती मात्र साधे शाळामास्तर होते.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. शालेय शिक्षण ठाण्याला आणि पुढचे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात झाले. तिथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते बी.एस्सी. झाले. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीत मुलांना शिकवले.

आकड्यांशी खेळणे हे त्यांचे वेड होते. मुंबईजवळच्या डेमलो स्टेशनवर सुचलेल्या संख्यांना त्यांनी डेमलो संख्या हेच नाव दिले. नऊ वेळा १ लिहून त्या संख्येचा वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते. साध्या कॅल्क्युलेटरवर ती मावत नाही, म्हणून आम्ही वर्गात फळ्यावर गुणाकार केला. कोणत्याही रकान्याची बेरीज ९ च्या वर जात नाही, हातचा येत नाही, म्हणून ही सुंदर चढण-उतरण टिकते. दहा वेळा १ घेतले की मधल्या रकान्यात १० येतात आणि हातच्याने सारे बिघडते.

जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भागली जाते, तिला गुरुजींनी हर्षद, म्हणजे आनंद देणारी, म्हटले. वरच्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे. नऊ वेळा १ ही संख्या ९ ने भागली जाते, म्हणून तिचा वर्ग ८१ ने भागला जातो. म्हणजे तीही हर्षदच!

१९४९ साली त्यांनी ६१७४ चे गुपित जाहीर केले. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करा. असे करत राहिले की जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतेच. त्यांच्या जन्मवर्षाला, १९०५ ला, बरोबर सात वजाबाक्या लागतात.

पुष्कळ विद्वानांना हे काम क्षुल्लक वाटे. गुरुजींनी पदरचे पैसे घालून पुस्तिका छापल्या. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, तेव्हा शिकवण्या केल्या, पण आकडे सोडले नाहीत. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि जग त्यांना ओळखू लागले. १९८६ साली ते गेले.

बहरीनच्या रस्त्यांवर गाड्यांच्या नंबरप्लेटवर आकडेच आकडे असतात. त्यातले शेवटचे चार घ्या आणि ६१७४ पर्यंत जाऊन पाहा. गुरुजींना आमचे हेच अभिवादन!