मेंदूचा सिग्नल पकडणारा माणूस : हान्स बर्गर

ध्यान लावून बसलेल्या माणसाच्या मेंदूत काय चालतं, हे आज कवटी न उघडता बघता येतं. पण ज्याच्यामुळे हे जमलं तो हान्स बर्गर आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

बर्गर १८७३ चा, जर्मनीतला. येनाला गणित शिकायला गेला, मन रमेना, म्हणून वर्षभर घोडदळात भरती झाला. एकदा सरावात घोडा बिथरला आणि हा थेट तोफेच्या गाड्यापुढे पडला. गाडा कसाबसा थांबला. त्याच दिवशी घरून खुशाली विचारणारी तार! भाऊ संकटात आहे असं दूरवरच्या बहिणीला वाटलं होतं. योगायोग म्हणा हवं तर. बर्गरला मात्र वाटलं, मनाची ऊर्जा इकडून तिकडे गेली. मग ती मोजता यायला हवी! गडी गणित सोडून डॉक्टर झाला.

येनाच्या मनोरुग्णालयात नोकरी सांभाळून गुपचूप प्रयोग सुरू झाले. सिग्नल जेमतेम काही मायक्रोव्होल्टचा, त्यात हृदय आणि स्नायूंचा नॉईज. १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूचा पहिला आलेख मिळाला, पण खात्री करून घेत त्याने तो छापला १९२९ मध्ये. स्वतःच्या मुलालाही इलेक्ट्रोड लावले. डोळे मिटून स्वस्थ बसलं की सेकंदाला साधारण १० लहरी, डोळे उघडले की गायब. ह्याच अल्फा लहरी. सुरुवातीला फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी दुजोरा दिला, तेव्हा जग वळलं.

काळी बाजूही सांगायलाच हवी. नाझी राजवटीत सक्तीच्या नसबंदीचे निकाल देणाऱ्या न्यायालयात तो बसला. १९३८ मध्ये निवृत्ती, पुढे नैराश्य आणि १९४१ मध्ये आत्महत्या.

टेलिपथी काही सापडली नाही. पण त्याच्याच ईईजीने १९६१ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये आनंद, छिना आणि सिंग यांनी योग्यांना तपासलं. ध्यानात असताना आवाज, प्रकाश यांनीही अल्फा लहरी तुटल्या नाहीत. १९६६ मध्ये जपानच्या कासामात्सू आणि हिराई यांना झेन साधकांत डोळे उघडे असूनही अल्फा दिसल्या.

तेव्हा मित्रांनो, प्रोजेक्टमध्ये नॉईज आला की लगेच फिल्टर लावून मोकळे होऊ नका. आधी तो येतोय कुठून ते बघा. बर्गरने त्यासाठी पाच वर्षं दिली!