स्मुर्णा येथील वृद्ध पॉलिकार्प

स्मुर्णा नगरांतील मंडळीचा अध्यक्ष पॉलिकार्प हा होता. इ. स. १५५ च्या सुमारास तेथें ख्रिस्ती लोकांचा छळ झाला. क्विंटस नांवाचा एक मनुष्य आपण होऊन पुढें गेला. परंतु श्वापदें पाहतांच डगमगला व त्यानें कैसराची शपथ वाहिली. पॉलिकार्प मित्रांच्या आग्रहास्तव खेड्यांत जाऊन राहिला. पण शिपाई घरीं आले तेव्हां पळाला नाहीं. त्यांस त्यानें जेवूं घातलें व प्रार्थनेपुरता वेळ मागितला. ख्रिस्ताची निंदा केल्यास रोमी सुभेदार त्यास सोडण्यास राजी होता. ८६ वर्षें ज्याची सेवा केली त्या धन्यास तो नाकारीना. चितेवर त्यानें प्राण दिला. बंधुभगिनींनो, संकट ओढवून घेणें हा विश्वास नव्हे. आलेल्या संकटांत वैऱ्यास भाकर वाढणें व प्रभूस न सोडणें हाच विश्वास होय.