गरीब बाळंतिणींचा कैवारी : डॉक्टर सेमेलवाइस

एखाद्या व्यापाऱ्याची एकाच छपराखाली दोन दुकाने असावीत, माल एकाच वखारीतून यावा, गिऱ्हाइकही एकाच प्रकारचे असावे, आणि तरीही वर्षअखेर एका दुकानात दुसऱ्याच्या चौपट तूट निघावी, तर तो ग्रहमानास दोष देऊन स्वस्थ बसेल काय? तो दोन्ही खतावण्या समोरासमोर मांडील आणि तूट कोणाच्या हातून होते ह्याचा छडा लावल्यावाचून झोपणार नाही. पैशाच्या बाबतीत ही दक्षता आम्हां सर्वांस उपजतच असते. परंतु तूट पैशाची नसून माणसांची असली, आणि ती माणसे म्हणजे निर्धन व निराधार स्त्रिया असल्या, म्हणजे ती मोठमोठ्या पंडितांसही दिसेनाशी होते. युरोपातील एका नामांकित रुग्णालयात अशी तूट वर्षानुवर्षे चालू असता ज्याने त्या दोन खतावण्या समोरासमोर मांडल्या, तो एका किराणा व्यापाऱ्याचाच मुलगा होता. त्याचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

इग्नाझ सेमेलवाइस ह्यांचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरीतील बुडा येथे झाला. हे शहर डॅन्यूब नदीच्या एका तीरावर व पेश्त हे दुसऱ्या तीरावर असून पुढे १८७३ साली दोन्ही मिळून बुडापेस्ट झाले. वडिलांचा मसाल्याचा व किराण्याचा घाऊक व्यापार चांगला चालला होता. मुलाने कायदा शिकावा म्हणून १८३७ साली त्याची व्हिएन्नास रवानगी झाली. परंतु वर्षभरातच कायद्याची पुस्तके मिटून तो वैद्यकाकडे वळला. १८४४ साली त्यास डॉक्टरची पदवी मिळाली, आणि १ जुलै १८४६ रोजी व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातील पहिल्या प्रसूतिविभागात प्रोफेसर योहान क्लाइन ह्यांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून तो रुजू झाला.

हे रुग्णालय बादशहा दुसरा जोसेफ ह्याने १७८४ साली स्थापन केले होते. गरीब व अविवाहित स्त्रियांस प्रसूतीसाठी आसरा मिळावा आणि लोकलज्जेमुळे होणाऱ्या बालहत्या थांबाव्या, हा तेथील प्रसूतिगृहाचा हेतू होता. ह्याच हेतूने जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह उघडले, हे वाचकांस ठाऊक असेलच. व्हिएन्नात श्रीमंतांच्या स्त्रिया आपापल्या घरी बाळंत होत. रुग्णालयात येत त्या मोलकरणी, मजूर स्त्रिया, फसविल्या गेलेल्या मुली. त्यांजकडून पैसा घेत नसत आणि मूल अनाथगृहात ठेवण्याची सोय होई. पण ह्या दानास एक अट होती: त्या स्त्रियांनी आपले शरीर शिकाऊ डॉक्टरांच्या व सुईणींच्या अभ्यासासाठी मोकळे ठेवले पाहिजे. धनिक स्त्रीच्या खोलीत परक्या विद्यार्थ्यास पाऊल टाकण्याची छाती झाली नसती. येथे मात्र एकीच स्त्रीस एकामागून एक कित्येक विद्यार्थी तपासीत. धर्मार्थ म्हणून जे दिले जाते त्याची किंमत घेणारा कशी फेडतो, ह्याचा हा एक नमुना होय.

प्रसूतिगृहाचे दोन विभाग होते. १८४० पासून पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्यात सुईणी शिकत. भरतीचे दिवस आळीपाळीने ठरलेले असत. आज येणारी स्त्री पहिल्यात, तर उद्या येणारी दुसऱ्यात. अर्थात् कोणती स्त्री कोठे पडेल हे निव्वळ वारावर अवलंबून होते. १८४६ साली पहिल्या विभागात ४,०१० प्रसूती होऊन ४५९ बाळंतिणी दगावल्या, म्हणजे शेकडा अकराहून अधिक. त्याच साली दुसऱ्यात ३,७५४ प्रसूतींमागे १०५ दगावल्या, म्हणजे शेकडा तीनाहूनही कमी. बहुतेकींस नेणारा रोग एकच, सूतिकाज्वर. बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत थंडी भरून ताप चढे, पोट फुगे, आणि पाहता पाहता धडधाकट तरुण स्त्री जाई. पुष्कळदा तिचे मूलही तिच्यामागे जाई.

ही गोष्ट पंडितांस उमगली नसली तरी शहरातील मोलकरणींस पुरती ठाऊक होती. पहिल्या विभागाची पाळी असलेल्या दिवशी आलेल्या स्त्रिया गुडघे टेकून, हात जोडून परत जाऊ देण्याची विनवणी करीत. कित्येकजणी रुग्णालयाच्या वाटेवरच, गल्लीबोळात बाळंत होऊन मग मूल पदरात घेऊन येत, म्हणजे तपासणी टळे आणि अनाथगृहाचा हक्कही राही. आश्चर्य हे की, रस्त्यावर प्रसूत झालेल्या ह्या स्त्रियांस सूतिकाज्वर क्वचितच होई. भर रस्त्यावरील दगडमातीपेक्षा विद्वानांनी गजबजलेला दिवाणखाना बाळंतिणीस अधिक घातक ठरत होता!

ह्या मृत्यूंची कारणमीमांसा करण्यास पंडित कमी नव्हते. कोणी आकाशात व पृथ्वीच्या पोटात चालणाऱ्या घडामोडींवर बोट ठेवी, कोणी हवेवर, कोणी गर्दीवर. एका चौकशी समितीने परदेशी विद्यार्थ्यांच्या धसमुसळ्या तपासणीस दोष देऊन विद्यार्थ्यांची संख्याच घटविली. सेमेलवाइस ह्यांनी ही एकेक उपपत्ती दोन खतावण्यांशी ताडून पाहिली. हवा म्हणावी, तर ती दोन्ही विभागांस एकच. गर्दी म्हणावी, तर दुसऱ्या विभागातच अधिक, कारण पहिला चुकविण्याचा स्त्रिया प्रयत्न करीत. मरणोन्मुख स्त्रीकडे जाणाऱ्या पाद्र्यापुढे घंटा वाजत असे; तिच्या धास्तीने इतर बाळंतिणी आजारी पडत असतील म्हणून त्यांनी ती घंटा बंद करविली. दुसऱ्या विभागात बाळंतिणीस कुशीवर निजवीत म्हणून पहिल्यातही तसेच करविले. काही उपयोग झाला नाही.

मार्च १८४७ मध्ये त्यांचे स्नेही प्रोफेसर कोलेच्का एकाएकी वारले. शवविच्छेदन चालू असता विद्यार्थ्याच्या हातातील सुरी त्यांच्या बोटास लागली, जखम चिघळली आणि त्यातच त्यांचा अंत झाला. त्यांच्या शवपरीक्षेचे टिपण वाचताना सेमेलवाइस चमकले. बाळंतिणींच्या शरीरात जे विकार ते रोज पाहत होते तेच येथे लिहिलेले होते. तेव्हा रोगही एकच असला पाहिजे. सुरीने प्रेताचा जो अंश कोलेच्का ह्यांच्या रक्तात नेला, तोच अंश बाळंतिणींच्या शरीरात कोण नेत होते? सकाळी विच्छेदनगृहात प्रेते चिरून तसेच प्रसूतिविभागात येणारे विद्यार्थी, साहाय्यक आणि प्रोफेसर! त्यांत सेमेलवाइस स्वतःही होते. किंबहुना रोगाचा शोध लावण्याच्या तळमळीने इतरांपेक्षा अधिक प्रेते त्यांनीच तपासली होती. सुईणी विच्छेदनगृहाची पायरी चढत नसत, म्हणून त्यांचा विभाग वाचत होता.

ते हात साबणाने धुतलेले असत, परंतु प्रेताची दुर्गंधी त्यांस तशीच राही. जेथे वास आहे तेथे द्रव्यही उरलेले आहे असे अनुमान करून सेमेलवाइस ह्यांनी मे १८४७ च्या मध्यापासून नियम घातला की, बाळंतिणीस स्पर्श करण्यापूर्वी प्रत्येकाने क्लोरिनयुक्त चुन्याच्या, म्हणजे आपण जिला ब्लीचिंग पावडर म्हणतो तिच्या, पाण्याने हात घासून धुतले पाहिजेत. त्या वर्षी एप्रिलात ३१२ प्रसूतींमागे ५७ स्त्रिया दगावल्या होत्या. जुलैत २५० मागे तीनच दगावल्या. ऑक्टोबरात एका पूयुक्त रोगाच्या स्त्रीस तपासून तसेच पुढे गेलेल्या हातांनी बारांपैकी अकरा बाळंतिणी गेल्या, तेव्हा जिवंत रोग्याकडूनही हे विष जाते असे ओळखून प्रत्येक तपासणीनंतर हात धुण्याची सक्ती झाली. १८४८ साली पहिल्या विभागात ३,५५६ प्रसूतींमागे ४५ मृत्यू झाले, आणि मार्च व ऑगस्ट हे दोन महिने तर असे गेले की एकही बाळंतीण दगावली नाही. दाराशी ठेवलेल्या एका घंगाळातील पाण्याने हे साधले.

इतका रोकडा पुरावा समोर असता जग त्यांस डोक्यावर घेईल अशी वाचकांची अपेक्षा असेल. घडले ते उलटेच. हेब्रा व स्कोडा ह्यांसारख्या काही मोठ्या डॉक्टरांनी त्यांची बाजू घेतली; परंतु क्लाइन ह्यांचे मन वळले नाही, आणि १८४९ च्या मार्चात नेमणुकीची मुदत संपताच ती वाढविण्याचे नाकारण्यात आले. पुढे शिकविण्याचा परवाना मिळाला तो केवळ पुतळ्यावर शिकविण्याचा; तेव्हा १८५० च्या ऑक्टोबरात स्नेह्यांचा निरोपही न घेता ते पेश्तला निघून गेले.

ह्या विरोधाचे मूळ केवळ शास्त्रीय मतभेदात होते असे आम्हांस वाटत नाही. रोग आकाशातून येतो म्हटले की कोणाचाच दोष नाही. तो गरिबांच्या वस्तीतून येतो म्हटले की दोष गरिबांचा. परंतु तो प्रतिष्ठित गृहस्थांच्या हातांतून येतो म्हटले की हजारो मृत्यू त्या गृहस्थांच्या नावे मांडावे लागतात. सद्गृहस्थाचा हात अपवित्र असू शकतो ही कल्पनाच त्या समाजास असह्य झाली. कील येथील प्रोफेसर मिखाएलिस ह्यांनी मात्र ते सत्य मान्य केले. आपल्याच हातून आपली एक चुलत बहीण ह्या रोगास बळी पडली ह्या जाणिवेने ते इतके खचले की १८४८ साली त्यांनी आत्मघात केला. बाकीच्यांनी आपले समाधान राखले, आणि त्या समाधानाचे मोल ज्यांस कोणी विचारीत नव्हते अशा स्त्रिया देत राहिल्या.

पेश्तच्या सेंट रोखुस रुग्णालयात सेमेलवाइस ह्यांनी बिनपगारी काम पत्करले. तेथे १८५१ ते १८५५ ह्या काळात ९३३ प्रसूतींमागे सूतिकाज्वराने अवघे आठ मृत्यू झाले. १८५५ साली ते विद्यापीठात प्रोफेसर झाले. तेथे मळक्या चादरींमुळे ज्वर पसरतो असे आढळताच त्यांनी स्वच्छ कापडासाठी अधिकाऱ्यांशी भांडण मांडले. गरिबांच्या अंथरुणावर काटकसर करणारे दप्तर सर्व देशांत सारखेच असते!

सेमेलवाइस निर्दोष होते असे आम्ही म्हणत नाही. शोध १८४७ सालचा, पण त्यावरील त्यांचा ग्रंथ निघाला १८६१ साली. मधल्या चौदा वर्षांत त्यांनी लेखणी जवळजवळ आवरूनच धरली होती. ग्रंथाचे स्वागत थंडपणे झाले तेव्हा संयम सुटून जाहीर पत्रांतून त्यांनी नामवंत प्रोफेसरांस खुनी ठरविले. त्याने शत्रू वाढले, मते बदलली नाहीत. पुढे त्यांच्या मनाचा तोल ढळू लागला. ३० जुलै १८६५ रोजी त्यांस व्हिएन्नाच्या वेड्यांच्या इस्पितळात नेण्यात आले. तेथील रखवालदारांनी त्यांस मारहाण केली, जखम चिघळून विष रक्तात भिनले, आणि १३ ऑगस्ट रोजी, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ज्या प्रकारच्या रक्तदोषाशी ते जन्मभर झगडले त्यानेच त्यांचा प्राण घेतला. दोनच वर्षांनी लिस्टर ह्यांचे जंतुनाशक शस्त्रक्रियेवरील लेख प्रसिद्ध झाले. १८७९ साली पाश्चर ह्यांनी सूतिकाज्वराचा जंतूच दाखवून दिला. बुडापेस्टच्या वैद्यकीय विद्यापीठास १९६९ पासून सेमेलवाइस ह्यांचे नाव आहे.

ह्या चरित्रापासून आम्ही कोणता बोध घ्यावा? आमच्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बाळंतिणीस विटाळ मानून घरातल्या अंधाऱ्या खोलीत कोंडले. सेमेलवाइस ह्यांनी दाखविले ते नेमके ह्याच्या उलट: विटाळ बाळंतिणीच्या देहात नसून तिला स्पर्श करणाऱ्या हातात आहे, आणि तो हात कितीही उच्च कुळातला, कितीही विद्वान असला तरी तो धुतलाच पाहिजे. दुसरा बोध हिशेबाचा आहे. नमुना नोंदणीच्या २०१८ ते २०२० ह्या वर्षांच्या आकड्यांप्रमाणे एक लाख जिवंत जन्मांमागे केरळात १९, तर आसामात १९५ माता दगावल्या. एकाच देशाच्या छपराखाली दहापट तफावत! हीस दैव म्हणणे म्हणजे व्हिएन्नाच्या पंडितांप्रमाणे आकाशाकडे बोट दाखविणे होय. कोठे दवाखाना दूर, कोठे रक्त नाही, कोठे गाडीभाडे नाही, कोठे मुलगी स्वतःच अशक्त व अल्पवयी. ह्या प्रत्येक कारणाचे मूळ विषमतेत आहे आणि प्रत्येकावर मनुष्याच्या हातचा उपाय आहे.

आमच्या वाचकांत व्यापारी व पेढीवाले पुष्कळ आहेत, आणि प्रसूतिगृहांस देणग्या देण्यात ते मागे नाहीत. त्यांस आमची इतकीच विनंती आहे की, आपल्या नावाची संगमरवरी पाटी बसविण्यापूर्वी त्यांनी दोन गोष्टी पाहाव्या. धर्मार्थ विभागातील नळास पाणी, साबण व खाटेवर धुतलेली चादर आहे काय? आणि त्या विभागातील किती माता व किती बालके दगावली ह्याचा आकडा पैसे भरून येणाऱ्यांच्या विभागाच्या आकड्याशेजारी दरमहा मांडला जातो काय? जेथे दोन खतावण्या समोरासमोर येतात तेथे तूट फार दिवस लपत नाही. जी संस्था हा हिशेब दाखविण्यास कचरते, तिला देणगी देण्यापूर्वी त्याचे कारण विचारणे हा दात्याचा हक्क तर आहेच. पण ज्या स्त्रीस स्वतः काही विचारण्याची सोय नाही, तिच्या वतीने ते विचारणे हे त्याचे कर्तव्यही आहे.