मुरूडने वाळीत टाकलेले अण्णा

महर्षी कर्वे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पांढऱ्या दाढीचे, शंभरी ओलांडलेले, सगळ्यांना वंद्य असे आजोबा येतात. मला मात्र 1893 सालचे पस्तिशीचे, गणित शिकवणारे धोंडो केशव जास्त जवळचे वाटतात. त्या वर्षी 11 मार्चला त्यांनी पुण्यात गोदूबाई जोशी यांच्याशी लग्न केले आणि त्यांच्याच गावाने त्यांना वाळीत टाकले.

गाव दापोलीजवळचे मुरूड. नारळी-पोफळीच्या बागा, समुद्र आणि सगळ्यांना सगळ्यांचे सगळे ठाऊक. याच गावातून सतरा-अठराव्या वर्षी हा मुलगा परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून साताऱ्याला पायी गेला होता. शंभरावर मैल! तिथे वय लहान दिसते म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. पुढे मुंबईत बी. ए. झाल्यावरही तो गावाला विसरला नाही. गावासाठी त्याने ‘मुरूड फंड’ सुरू केला.

पहिली पत्नी राधाबाई 1891 मध्ये गेली. विधुराने दुसरेपणावर कुमारिका करायची, हा रिवाज. मुलगी दहा-बारा वर्षांची असली तरी कुणाच्या कपाळाला आठी पडत नसे. कर्व्यांनी केली ती विधवा. गोदूबाई त्यांच्या मित्राची, नरहरपंतांची बहीण. आठव्या वर्षी विधवा झालेली, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेली.

गंमत अशी (गंमत कसली म्हणा!) की त्याच कोकणात, चार घरे पलीकडे, कुणब्याची विधवा पाट लावून पुन्हा संसाराला लागत असे. गाव तेच, देवही तेच. पण ब्राह्मणाच्या घरात विधवेला केशवपन आणि माजघराचा कोपरा. जिथे प्रतिष्ठा जास्त जपायची, तिथे बंधनाची गाठही जास्त घट्ट, असे मला हे वाचताना नेहमी वाटते.

मुरूडकरांनी ठराव केला: कर्वे घरी उतरले तर त्या घरावरही बहिष्कार. म्हणजे शिक्षा मुलाला आणि धाक आईला. पोटच्या मुलाला घरात घ्यायचे की शेजाऱ्यांशी पाणी-विस्तव राखायचा, हे त्या माउलीने ठरवायचे! बहिष्काराचे खरे शस्त्र हेच. पुण्यातही कुजबूज काही थोडी झाली नाही. पण फर्ग्युसनमधली त्यांची प्राध्यापकी टिकली. शहरात एक दार लागले तर दुसरे उघडते. मुरूडात दारेच किती?

कर्वे यातून फार व्यवहारी गोष्ट शिकले. त्याच वर्षी त्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी काढली. दोन वर्षांनी तिचे नाव विधवाविवाह प्रतिबंध निवारक मंडळी असे झाले. उत्तेजन देत नाही, फक्त अडथळे दूर करतो! 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, तोही पुनर्विवाहाच्या कामापासून कटाक्षाने वेगळा ठेवला. विधवांचे बाप शिक्षणाला कसेबसे तयार होत. लग्नाचा संशय आला असता तर एकही मुलगी आली नसती. ज्या बाईने पुनर्विवाहाची किंमत मोजली, त्या बाया कर्व्यांना ही सावधगिरी सलली असेल, तर त्यात नवल नाही. मला स्वतःला कर्व्यांचे चुकले असे म्हणवत नाही. हिंगण्याच्या माळावर 1900 मध्ये आश्रम गेला आणि अण्णा पुण्याहून तिथे चिखल तुडवीत पायी जात राहिले.

1916 मध्ये महिला विद्यापीठ झाले, 1958 मध्ये भारतरत्न मिळाले. ते पाहायला बाया नव्हत्या; त्या 1950 मध्येच गेल्या. राधाबाईंचा मुलगा रघुनाथ वडिलांपेक्षाही पुढे गेला. त्याने 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. त्यापायी प्राध्यापकी गेली, कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. या वेळी वाळीत टाकणारे मुरूडचे खेडूत नव्हते, शिकलेसवरलेले मुंबईकर होते. रघुनाथराव 1953 मध्ये वारले. अण्णा त्यानंतर नऊ वर्षे जगले.