कुंचल्यापासून नांगरापर्यंत

पदवीनंतर काय, असा प्रश्न निघाला की आपणांपैकी बहुतेकांचे उत्तर एकच असते, ते म्हणजे नोकरी. मीही त्याला अपवाद नाही. म्हणूनच मुंबईतील प्रतिष्ठेची नोकरी सोडून शेतकऱ्याच्या उपयोगाची अवजारे घडविण्यास निघालेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र मला विचारात पाडते. कारखानदार म्हणून त्यांना सारेच ओळखतात; परंतु त्यांचा आरंभ चित्रकलेच्या वर्गात झाला, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

त्यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. पुस्तकी अभ्यासात त्यांचे मन रमत नसे. चित्रे काढणे आणि यंत्रे खोलून पाहणे हे त्यांचे दोन छंद. 1885 साली ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पण काही रंगांमधील भेद आपल्या डोळ्यांना नीट कळत नाही, असे त्यांच्या लक्षात आले. चित्रकाराला याहून मोठा आघात कोणता? मात्र रंगांनी दगा दिला तरी रेषा हाती होती. त्यांनी यांत्रिक रेखाटनाचे शिक्षण घेतले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची जागा मिळविली.

तेथे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास ती जागा देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला व ते बेळगावला आले. तेथे बंधू रामूअण्णांच्या जोडीने सायकलींचा व्यवसाय होताच. 1888 हे किर्लोस्कर उद्योगाचे आरंभवर्ष मानतात, ते त्या सायकलींमुळेच. दुकानाला लागून त्यांनी छोटा कारखाना थाटला. कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले आणि मग लोखंडी नांगर.

लाकडी नांगर जमीन नुसती ओरखडतो. लोखंडी नांगर खोल जाऊन माती उलथून टाकतो. हा फायदा आज आपणांस उघड दिसतो. त्या काळच्या शेतकऱ्याला मात्र लोखंडाने जमीन विषारी होते, अशी भीती वाटे. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली! त्या दोन वर्षांत लक्ष्मणरावांच्या मनात मुंबईचा पगार कितीदा आला असेल? पण त्यांनी शेतकऱ्याला अडाणी ठरवून हात झटकले नाहीत. नांगर सुधारीत आणि पटवून देत ते टिकून राहिले.

पुढे बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडावयास लावली. उभा केलेला कारखाना कोठे न्यावा? अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. ते स्वतः चित्रकार होते, हाही एक योगायोगच. कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर ओसाड जमीन आणि 10,000 रुपयांचे कर्ज त्यांनी दिले. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. तेथून नांगर, उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे आणि पंप गावोगाव गेले. वाडीत अस्पृश्यतेला त्यांनी थारा दिला नाही आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही विश्वासाने कामावर ठेवले.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. 1969 साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

नोकरी सोडण्याचे धाडस म्हणून हे चरित्र सांगितले जाते. मला ते अपुरे वाटते. राजीनामा एका दिवसात लिहून होतो. न खपलेल्या नांगरापाशी दोन वर्षे उभे राहणे हे खरे अवघड. उद्या आपणांपैकी कोणी स्वतःची वाट धरली, तर तयारी ठेवायची ती त्या दोन वर्षांची.