शिल्पकार बर्निनी आणि बोर्गेझे महाल

रोम शहरात एका मोठ्या बागेत बोर्गेझे नावाचा महाल आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कार्डिनल शिपिओने बोर्गेझे यांनी तो बांधून घेतला, मुख्यतः आपला कलासंग्रह ठेवण्यासाठी. आज ते संग्रहालय आहे. रंगवलेली छतं, रंगीत संगमरवर आणि दालनांच्या मधोमध पांढरेशुभ्र पुतळे. त्यातले सर्वात गाजलेले पुतळे जियान लोरेन्झो बर्निनी यांचे.

बर्निनी यांचा जन्म ७ डिसेंबर १५९८ रोजी नेपल्सला झाला. वडील पिएत्रो हेही शिल्पकार. पुढे कुटुंब रोमला आलं. मुलगा वडिलांच्या हाताखालीच शिकला, त्यांची छिन्नी-हातोडी हीच त्याची शाळा. विशीत असताना त्यांनी या कार्डिनलसाठी एक शिल्प केलं. जळत्या ट्रॉय नगरीतून एनियस म्हाताऱ्या वडिलांना खांद्यावर घेऊन निघालाय, मागे छोटा मुलगा. आपल्याला श्रावणबाळच आठवतो.

मग १६२२ ते १६२५ या काळात घडलं 'अपोलो आणि डॅफ्नी'. अपोलो पाठलाग करतोय, आणि त्याचा हात लागतो त्याच क्षणी डॅफ्नीचं झाड होतंय. एका जागी उभं राहून हे शिल्प समजतच नाही. भोवती चालत गेलं की हळूहळू दिसतं: बोटांना पानं फुटलीत, पायांना मुळं, अंगावर साल चढतेय. बरोक कला म्हणतात ती हीच. दगड थांबलेला, पण गोष्ट चालू! एक सांगायलाच हवं, यातलं नाजूक पानांचं कोरीवकाम ज्युलियानो फिनेली या मदतनिसाचं मानतात. त्याचं नाव मात्र फार कमी जणांना ठाऊक असतं.

१६३२ मध्ये कार्डिनलचा अर्धपुतळा होत आला आणि कपाळावर दगडात तडा दिसला. बर्निनींनी काय केलं? थोड्याच दिवसांत तसाच दुसरा पुतळा घडवला. दोन्ही पुतळे याच महालात आहेत.

खरा तडा पुढे गेला. सेंट पीटर्स चर्चच्या दर्शनी भागावर घंटेचे मनोरे उभारायचं काम त्यांच्याकडे होतं. खालची जमीन कच्ची, वर वजन जड. भिंतीला भेगा पडल्या. पाठीराखे पोप अर्बन आठवे १६४४ मध्ये वारले आणि नव्या पोपच्या काळात, १६४६ मध्ये, मनोरा पाडायचा हुकूम निघाला. सगळ्या रोमसमोर नाचक्की झाली.

या दिवसांत त्यांनी कुणी न सांगता, स्वतःसाठी एक शिल्प सुरू केलं. काळ पडदा दूर करतो आणि सत्य उघड होतं, अशी कल्पना. दरम्यान दिवस पालटले. त्याच पोपसाठी त्यांनी चार नद्यांचं कारंजं रचलं, ते १६५१ मध्ये पूर्ण झालं. त्यात आपली गंगाही आहे, हातात वल्हं घेतलेल्या पुरुषाच्या रूपात! पुढे सेंट पीटर्ससमोरचा भव्य खांबांचा चौकही त्यांनीच उभारला.

२८ नोव्हेंबर १६८० रोजी बर्निनी वारले. ते शिल्प शेवटपर्यंत त्यांच्या घरीच होतं, आता बोर्गेझे महालात आहे. हातात सूर्य घेऊन हसरं सत्य बसलंय. पडदा सारणारा काळ मात्र त्यांच्या हातून कधी घडलाच नाही.